डोळ्यांत न जाणारा उजेड

दिनूभाऊ कोणाच्याही घरात शिरले की आधी बसायचे. सोफ्यावर, मग जेवायच्या टेबलाशी आणि शेवटी फतकल मारून थेट फरशीवर. नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, हा तुमचा वायरमन काम कधी करणार? बेटेगावच्या एका फ्लॅटमध्ये तर त्यांनी घरातल्या आजींना उठवून त्यांच्या पाटावर बसून पाहिलं. "आजी हितं बसतात. हितून दिवा दिसला का त्या मला शिव्या घालतील," म्हणाले. आजींनी दिव्याची वाट न पाहता तेव्हाच घातल्या.

मी बोईसरला घरांच्या सजावटीची कामं करते. हल्ली ज्याला त्याला हॉलमध्ये सागाच्या पट्ट्यांची शोभेची भिंत हवी असते आणि तिच्यावर उजेड. तो उजेड द्यायला पालघरजवळच्या माहीमचे दिनूभाऊ. माणूस तिरसट. लाकडावर चकचकीत पॉलिश दिसलं की गिऱ्हाइकासमोरच सुरू व्हायचे, "यात दिव्याचा ठिपका न् ठिपका दिसल. भिंत बघायची का दिवे मोजायचे?" छताच्या कडेला लाकडाची आडपट्टी ठोकून घ्यायचे, तिच्यामागे दिवे लपवायचे आणि उजेड असा भिंतीवरून खाली सोडायचे की सागाच्या रेघा उठून दिसत, पण दिवा कुठे आहे ते कळत नसे. "दिवा डोल्यात नाय, लाकडात जायला पायजे," हे त्यांचं वाक्य मी झोपेतही म्हणेन. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलायचं नाही.

मग त्यांना सगळाच उजेड टोचायला लागला. पाम गावातल्या एका बंगल्यात त्यांनी दिवे इतके आत दडवले की मालकीणबाईंचा फोन आला, "मॅडम, माझी भिंत कुठाय?" भाऊंना सांगितलं तर ते उसळले. "माजे डोले नाय बिघडले, तुमची गिऱ्हाइकं बिघडलीत." पुढच्या घरीही तेच झालं, तेव्हा मात्र मला भीती वाटू लागली.

खरं काय ते त्यांच्या बायकोने, कुंदावहिनींनी सांगितलं. मी माहीमला त्यांच्या घरी गेले होते. वहिनी अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या.

"काचबिंदू हाय त्यांना," मान वर न करता त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी रोज थेंब घालायला सांगितलंय. पन थेंब घातला का थोडा वेल धूसर दिसतं, मग वायर जोडता येत नाय. म्हनून कामाच्या दिवशी घालतच नाय. रविवारचे घालतात, उपास केल्यागत."

गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. भाऊ घरातून अंगणात आले तशी मी तिथेच त्यांच्यावर ओरडले. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस वहिनींशेजारी बसून बोंबील उलटू लागला, ते मला जास्त लागलं. शेवटी म्हणाले, "ताई, पालघरचं काम घेतलंय ते पुरं करू द्या. मग घालतो रोज."

पालघरचं घर एका शिक्षकांचं होतं. भाऊ शिडीवर चढले की मी खाली शिडी धरून उभी राहायचे. जोडणी त्यांनी बोटांनी चाचपत केली आणि मी ती दुसऱ्या वायरमनकडून गुपचूप तपासून घेतली. सगळं बिनचूक निघालं. मला वाटलं, घाबरण्यासारखं नाही, अजून वेळ आहे.

दुपारी आम्ही पडदे ओढून खोलीत काळोख केला. मी बटणापाशी उभी राहिले, भाऊ भिंतीसमोर. सर कौतुकाने हात बांधून बघत होते.

"बघा ताई," भाऊ म्हणाले, "कुटं डोल्यात जातोय का? आनि सागाची रेघ न् रेघ कशी उठलीय!"

मी अजून बटण दाबलंच नव्हतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. खटका वाजला तशी भाऊंनी मान आवाजाच्या दिशेने वळवली. भिंत फार सुंदर उजळली होती. ते त्यांचं शेवटचं काम.

त्यांनी हात पुढे करून शिडी शोधली, तिला धरून उभे राहिले आणि अगदी हळू विचारलं, "आता लागला का, ताई?"

"हो भाऊ," मी म्हटलं.