फोरमनची तोंडी परीक्षा
टँकरने रस्त्यावर पाणी मारलं की भिजलेल्या लाल धुळीच्या वासाने ती संध्याकाळ आठवते. आमचे बाबा खाणीत दरडीखाली गेले, आणि त्याच खाणीत लागलेला दादा कामावरून आला की फोरमनच्या परीक्षेचं पुस्तक घोकत बसायचा. दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेला तोंडी परीक्षा देऊन आला तेव्हा आईने विचारलं, "काय इचारल्यानी?" "दरड कोसळाची नाय म्हणून काय करूचा, ता. उतार कसो ठेवचो, पाणी खंयसून काढूचा, सगळा सांगलंय." मग आई म्हणाली, "ह्या तेव्हा कोणाक म्हायत नव्हता?" "म्हायत होता, आये," दादा म्हणाला. तो पास झाला, पण घरात कुणी गोड केलं नाही. आज मी आईच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि ते उत्तर ऐकून ती मुकाट्याने भाकऱ्या थापायला कशी बसली, हे मला अजून कळत नाही.