कोपरापासून इंग्रजी

आमच्या मजल्यावर तिला सगळे ‘आलेच’ म्हणतात. घंटा वाजली की ती न्हाणीत असो, जिन्यावर असो, गच्चीवर चादरी वाळत घालत असो, आवाज येतो, ‘आलेच.’ आणि ती खरोखरच येते. वृद्धाश्रमात या गोष्टीचं फार अप्रूप असतं, कारण बाकीची मंडळी ‘बघतो’ म्हणतात.

मी इथे आले ती खुब्याचं हाड मोडून घेऊन. तेव्हापासून मी पलंगावरच आहे. मला पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं हे सगळं आलेचकडे. पन्नाशीची, काटक बाई. पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. कारखाना बंद पडला तशी इथे लागली. नवरा प्लंबर, पण दुसऱ्या गावी. त्याच्या मनात आलं की येतो, आणि त्याच्या मनात फारसं येत नाही. एक लेक, मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसते.

आयुष्यभर वाकून शिवलं आणि मग वाकून माणसं उचलली, त्यात तिची पाठ गेली. डॉक्टरांनी तिला बजावलं, ‘मावशी, उचलणं बंद करा, नाहीतर एक दिवस तुम्हालाच उचलायला दोघं लागतील.’ उचलणं बंद म्हणजे नोकरी बंद. एकच वाट होती. आमच्या मजल्याची इनचार्ज सोडून चालली होती. इनचार्ज टेबलाशी बसते, औषधांच्या वेळा बघते आणि घरच्यांचे फोन घेते. काम आलेचला तोंडपाठ. अडचण फोनची. इथल्या निम्म्या लोकांची मुलं परदेशी, त्यांच्या सुना-जावई तिकडचेच, नातवंडांना आपली भाषा फक्त ‘आजी’ आणि ‘आजोबा’ एवढीच येते.

मेट्रनने तिला एक महिना दिला. म्हणाली, ‘मावशी, फाडफाड नको. पण समोरच्याला कळेल इतकं यायला हवं.’

आलेचने सातवीत इंग्रजीला कोपरापासून नमस्कार केला होता. त्याच दुपारी माझा कोपर पुसता पुसता तिने विचारलं, ‘आजी, याला काय म्हणतात?’

‘एल्बो.’

‘एल्बो,’ ती म्हणाली आणि दुसरा कोपर धरून पुन्हा म्हणाली. तिथून सुरुवात झाली.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आम्हाला आधी व्याकरण, मग पाठांतर, मग शुद्धलेखन, आणि चुकलं की पट्टी. तिला मी तसंच शिकवायला गेले. क्रियापदाची तीन रूपं सांगितली. ती ओला पंचा पिळत म्हणाली, ‘आजी, एक रूप द्या, बाकीची दोन ठेवा तुमच्याकडे.’ मग आम्ही तिच्या पद्धतीने गेलो. ज्याला हात लागेल त्याचं नाव. हात फिरत जायचा आणि ती म्हणत जायची: शोल्डर, एल्बो, रिस्ट. शब्द आठवला नाही तर हात तिथेच थांबायचा. एकदा माझा घोटा तिच्या हातात इतका वेळ राहिला की मीच म्हटलं, ‘अँकल, बाई, अँकल. काकांना म्हणतात तो नव्हे, पण जवळपास तसाच.’

हळूहळू तिच्या लक्षात आलं की एकेका शब्दाला दोन-दोन घरं असतात. नख म्हणजे नेल आणि खिळाही नेल. छाती ती चेस्ट आणि मोठी पेटी ती पण चेस्ट. पापणी म्हणजे लिड आणि डब्याचं झाकणही लिडच. पोटरीला काफ म्हणतात आणि काफ म्हणजे वासरूही, हे सांगितलं तेव्हा तिने माझा पाय खाली ठेवला.

‘वासरू?’

‘हो. आणि कानशील म्हणजे टेंपल.’

‘म्हणजे देऊळ?’ तिने पंचा खांद्यावर टाकला. ‘यांच्या अंगात काय काय भरलंय हो आजी. वर देऊळ, मध्ये पेटी, खाली वासरू. माणूस आहे की गाव?’

शेजारच्या खोलीतले घड्याळजी भिंतीपलीकडून हसले. त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली होती. मितभाषी माणूस. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी लेक परीक्षा घ्यायची. दुसऱ्या दिवशी आलेच मला ती सगळी सांगायची, स्वतःची फजिती जरा जास्तच रंगवून.

‘मी म्हटलं, फादर इज इन बॅड. तर म्हणते, आई, बेड म्हण. बॅड म्हटलंस तर म्हातारा वाईट संगतीला लागल्यासारखं वाटतं.’

‘मग?’

‘मग मी म्हटलं, फादर हॅज पेन. तर म्हणते, कुठला, निळा की काळा? ते पे-इ-न आहे म्हणे. आता दुखणाऱ्या माणसाला एवढं लांबवायला सवड असते का?’

पण ती लांबवायला शिकली. सकाळी मला वळवताना ‘पेइन?’ असं विचारायची, इतकं ताणून की दुखत नसलं तरी हो म्हणावंसं वाटे. महिना संपत आला तेव्हा तिची वाक्यं मोडकी होती, पण शब्द नीट बसलेले होते. मेट्रनने टेबलाशेजारी उभं राहून तिचे दोन-तीन फोन ऐकले आणि मान हलवली. नेमणुकीचं पत्र यायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात घड्याळजी आजारी पडले. आधी खोकला, मग ताप, मग छातीत पाणी. हॉस्पिटलमध्ये हलवायचं नाही, असं त्यांनी पूर्वीच लिहून दिलेलं होतं. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि टेबलाशी थांबून म्हणाले, ‘पेशंट सिरियस आहे. मुलाला कळवून टाका.’ मेट्रन त्या दिवशी बाहेरगावी होती. कळवायचं काम आलेचचं.

तिने फोन केला. मुलगा कामावर होता, सुनेने घेतला. सून तिकडची. दाराआडून मला आलेचचा आवाज तेवढा ऐकू आला, शब्द नाही. फोन ठेवून ती माझ्याकडे आली, कपाळावर घाम. ‘सांगितलं,’ म्हणाली. ‘स्पष्ट सांगितलं.’

संध्याकाळी मुलाचा फोन आला नाही. सकाळीही नाही. घड्याळजींना धाप लागलेली होती, उशांचा ढीग करून त्यांना बसतं ठेवलं होतं, आणि त्यांनी मान दाराकडे करून ठेवली होती. कुणी ती सरळ केली तरी पुन्हा तिकडेच. मजल्यावर मुलाचा उद्धार सुरू झाला. समोरच्या खोलीतल्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘पोटी दगड जन्माला आला असता तर पायरीला तरी लागला असता.’ स्वयंपाकीणही ताटं देता देता दोन शब्द टाकून गेली. आलेच मात्र त्यात पडली नाही. मला पुसताना म्हणाली, ‘आजी, ती हसली हो.’

‘कोण?’

‘सून. मी सांगितल्यावर हसली. मला वाटलं, घाबरली असेल. काही माणसं घाबरली की हसतात ना.’

‘तू काय म्हणालीस नेमकं?’

‘म्हटलं, फादर सिरियस. व्हेरी व्हेरी सिरियस.’

‘मग ती काय म्हणाली?’

‘ओ येस, ही इज, म्हणाली. ऑल्वेज. आणि सांगा त्यांना, आम्ही त्यांची खूप आठवण काढतो. ते मी काकांना सांगितलंसुद्धा.’

मी तिला हातातलं भांडं खाली ठेवायला सांगितलं. म्हटलं, ‘अगं, आपण पेशंटला सिरियस म्हणतो. तिकडे माणूस सिरियस म्हणजे फार दुखणाईत नव्हे. गंभीर स्वभावाचा. तोंडावरची माशी न हलणारा.’

ती स्टुलावर बसली. कामाच्या वेळी तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

‘म्हणजे मी तिला एवढा फोन करून सांगितलं की तुमचे सासरे हसत नाहीत.’

‘तसंच.’

‘पण तो शब्द तर आपलाच आहे, आजी. माझ्या आईच्या वेळीपण डॉक्टर सिरियसच म्हणाले होते. तो मला कुठे शिकायला लागला? बाकीचे सगळे शब्द मी दहा वेळा तपासले. हा एकच न तपासता वापरला.’

खरं होतं ते. पाहुणा म्हणून आलेला शब्द आपल्याकडे राहिला, आपल्यासारखाच वागायला लागला, आणि तो मुळात कुठल्या घरचा हे आपण विसरून गेलो. मी म्हटलं, ‘फोन इकडे आण. मी बोलते. मेट्रन दुपारी येईल, तिच्या कानावर जायचं कारण नाही.’

आलेचने जरा विचार केला. ती मोहात पडली होती, ते मला दिसलं. पाठीवर हात ठेवून ती उभी राहिली.

‘तुमचं इंग्रजी चांगलं आहे,’ ती म्हणाली, ‘पण तिने काल माझा आवाज ऐकलाय. आज दुसरीच कुणी फाडफाड बोलायला लागली तर खरं काय ते समजून घेण्यात आणखी वेळ जाईल. मीच करते. मी चुकले तर तुम्ही फक्त खुणवा.’

तिने टेबलावरचा फोन वायर ओढून माझ्या दारापर्यंत आणला. या खेपेला तिने एकही मोठा शब्द घेतला नाही. तिच्या हाताखालून गेलेले शब्द तेवढे घेतले, आणि बोलताना तिचा मोकळा हात स्वतःच्या अंगावरून फिरत होता.

‘मॅडम, यस्टरडे माय वर्ड राँग. सॉरी. फादर व्हेरी सिक. वॉटर इन चेस्ट. ब्रेथ स्मॉल, स्मॉल. लिप्स ब्लू. नेल्स ब्लू. नॉट ईटिंग. नेक,’ इथे ती अडली, मान वळवणं इंग्रजीत कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं, ‘नेक टू डोअर. ऑल डे, नेक टू डोअर. सन कम. टुडे.’

 मग सून काहीतरी भराभर बोलली. आलेच म्हणाली, ‘स्लो, मॅडम.’ सून पुन्हा बोलली, सावकाश. आलेचने फोन ठेवला आणि वर बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी मेट्रन बॅग घेऊन उभी होती. बाहेरगावाहून लवकर परतली होती.

‘माय वर्ड राँग म्हणजे काय, मावशी?’ तिने विचारलं.

आलेचने सगळं सांगितलं. गाळलं काहीच नाही. मी मध्ये बोलायला गेले तर मेट्रन म्हणाली, ‘आजी, तुम्ही थांबा.’ शेवटी आलेच म्हणाली, ‘त्यांचा एक दिवस माझ्यामुळे गेला. तुमचं पत्र यायचं असेल तर थांबवा. मी महिनाअखेरपर्यंत उचलीन, मग बघते.’

मेट्रन बॅग तशीच हातात घेऊन घड्याळजींच्या खोलीत गेली.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला, बायकोला घेऊनच. वडिलांना शुद्ध होती. मान दाराकडेच होती, त्यामुळे तो आत येताना त्यांनी त्याला पहिल्या पावलापासून पाहिलं. बोलता येत नव्हतं. मुलगा पलंगाच्या कडेला बसला, आणि मग ती मान पहिल्यांदा उशीवर नीट टेकली. घड्याळजी आठवडाभरात गेले, पण तो आठवडा मुलाचा हात त्यांच्या हातात होता.

जाण्याआधी मुलगा आमच्या मजल्यावरच्या टेबलाशी मेट्रनला भेटला, आलेचही तिथेच होती. माझं दार उघडंच होतं. तो चिडलेला होता आणि चिडायला त्याला कारण होतं. म्हणाला, ‘एक दिवस आधी निघालो असतो तर त्यांचा आवाज तरी ऐकला असता. इथे धड निरोप देणारं माणूस का ठेवत नाही तुम्ही?’

मेट्रन म्हणाली, ‘बरोबर आहे तुमचं. पण मीही सिरियसच म्हटलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. तुमच्याशी म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं. तुमच्या पत्नीला आमच्यापैकी कुणाचंच कळलं नसतं.’

सुनेला एवढ्यात आपल्यावर बोलणं चाललंय हे कळलं. नवऱ्याने तिला सांगितलं. ती आलेचकडे वळली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली की त्या दिवशीचा आलेचचा दुसरा फोन ती कधी विसरणार नाही. नेक टू डोअर ऐकलं आणि तिने तिथल्या तिथे बॅग काढली. पहिल्या फोनलाच आपण नीट विचारायला हवं होतं, असंही म्हणाली. आलेचला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिने सुनेचा दंड धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.  मुलाचा राग गेला असं मी म्हणणार नाही. जाताना मात्र तो आलेचला वाकून नमस्कार करून गेला.

सगळ्यांना पोचवून मेट्रन वर आली. म्हणाली, ‘मावशी, सोमवारपासून टेबलावर बसा.’

‘एवढं होऊन?’

‘एवढं झालं म्हणून. ती चूक या मजल्यावर आता तुम्ही सोडून कोणीही करील. आणि सोमवारी सगळ्यांना बसवा. घरच्यांना आजाराचं नाव सांगायचं नाही, माणूस काय करतोय ते सांगायचं. तुम्ही सांगितलंत तसं. शिकवा त्यांना.’

‘मी? इंग्रजी?’

‘मग काय आजी शिकवणार? त्या तीन-तीन रूपं सांगतात.’

मी उशीवरून निषेध नोंदवला. कुणी लक्ष दिलं नाही.

आता मला वळवायला नवी बाई येते. तिचा हात थंड आहे आणि घाईचा आहे, सवयीने सुधारेल. परवा ती मला पुसत असताना टेबलाकडून आलेचचा आवाज येत होता. कुणाच्या तरी नातीशी बोलत होती, सावकाश, मध्ये मध्ये थांबून.

‘टुडे शी ईट. हाफ. नो पेइन. शी सिट इन चेअर, विंडो साइड. शी आस्क, व्हेन यू कम.’

नव्या बाईने हात थांबवून विचारलं, ‘आजी, विंडो म्हणजे खिडकी ना?’