टेबलावरचा दुपट्टा

सौद्याला बसताना वासुदेवभाऊ आधी खांद्यावरचा दुपट्टा काढत आणि घडी घालून टेबलावर ठेवत. बैलबाजारात दलालांचे हात दुपट्ट्याखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या माणसालाही तो कळत नाही. भाऊंची उमर त्यातच गेलेली. पण कबड्डीपटूंचे करार ठरवायला लागल्यापासून त्यांचा एकच हट्ट, खेळाडू शेजारी बसलेला हवा. "जनावराले भाव समजत नाई म्हून दुपट्टा. पोरीले समजते ना बापा!"

मी अंजनगावच्या बाजारात भाजी विकून वर आलो. घासाघीस मला कोणी शिकवायला नको होती. तरी एजंट व्हायचं म्हणून भाऊंच्या मागे लागलो, आणि तिथून माझं रक्त आटायला लागलं.

अकोल्याच्या एका हॉटेलात परतवाड्याच्या वैशालीचा करार होत आला होता. संघाच्या मॅनेजरने सहज विचारलं, "दुखापत वगैरे?" मी टेबलाखालून भाऊंचा पाय दाबला. भाऊ म्हणाले, "डावा गुडघा दुखते तिचा. दोन महिने खेळवू नका, मंग पाहा." मॅनेजर चहा अर्धा टाकून उठला.

बाहेर येऊन मी पेटलो. "भाऊ, तुमी एजंट आहा का डॉक्टर?"

"तू काहून बोंबलून राहिला? गुडघा तुहा आहे का?"

वैशाली फसकन हसली. मला आणखीच चीड आली.

मग शहरातून एक सुटाबुटातला एजंट आला. कोर्स केलेला, इंग्रजी झाडणारा. त्याने वैशालीच्या वडिलांना गाठलं, त्याच मॅनेजरला 'गुडघा एकदम ठणठणीत' म्हणून सांगितलं. वैशालीपुढे कागद आला तो फक्त सहीसाठी. पहिल्याच स्पर्धेत चढाई करताना तिचा गुडघा गेला. संघाने घरी पाठवलं. एजंट फोन उचलेना. अमरावतीच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून राहिले ते भाऊ. ती चालायला लागली, पण खेळ संपला.

आता पोरं मला विचारतात, एजंट व्हायला कोणता कोर्स करावा? माझं डोकंच फिरतं. त्या माणसानेही कोर्स केला होता की!

यंदा भाऊ गेले. शोकसभेत तोच माणूस माइकसमोर उभा! "भाऊ माझे गुरू. हा व्यवसाय मी त्यांच्याकडूनच शिकलो." माझ्या मुठी वळल्या. मी उठणार, तोच वैशाली उठली. परतवाड्यात ती आता मुलींना कबड्डी शिकवते. लंगडत ती पुढे गेली आणि फोटोजवळची दुपट्ट्याची घडी उचलली.

"साहेब, भाऊचा हात टेबलावर राहे. माह्या सौद्यात तुमचा याच्याखाली होता."

तो खाली बसला. माझा आवाज साऱ्या बाजारात मोठा. त्या दिवशी मला तो काढावा लागला नाही.