विरोधी वकिलाचा डबा

मी कोर्टात वकिली करते आणि घरून डबा आणायचा मला कायमचा कंटाळा आहे. माझा लॉ कॉलेजातला एक वर्गमित्र मात्र उस्मानपुऱ्यातून रोज भरगच्च डबा घेऊन येतो. त्याच्या आईच्या हातच्या मेथीवर माझा कॉलेजपासूनचा हक्क. तो पुष्कळदा माझ्याच विरोधात उभा असतो. सकाळी न्यायाधीशांसमोर एकमेकांच्या उरावर बसायचं आणि दुपारी बार रूममध्ये एकाच डब्यात हात घालायचा, यात आम्हा वकिलांना काही वावगं वाटत नाही. पक्षकारांना काय वाटतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्याकडे जमिनीच्या वाटपाचा एक दावा होता. बाई मेंढपाळाच्या घरातली, चितेगावला कारखान्यात कामाला जाणारी. वडील वारल्यावर भावानं तिला हक्कसोड करून द्यायला सांगितलं. बहिणीनं जमिनीतला हिस्सा भावाला सोडायचा आणि त्या बदल्यात तिचं माहेर शाबूत राहायचं, हा आपल्याकडचा जुना व्यवहार. हिनं सही केली नाही, दावा लावला. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद, एकमेकांच्या घरचं पाणी बंद. त्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि या मुलीला मामा एकच. बाईला जमीनही हवी होती आणि भाऊही हवा होता. दोन्हीतलं एकच मिळतं, असं अख्ख्या गावानं तिला सांगून ठेवलं होतं. त्या गावाचा मला भारी राग यायचा.

तारखेच्या दिवशी ती गुलमंडीतली लग्नाची खरेदी उरकून कोर्टात आली आणि मला शोधत बार रूमच्या दारात उभी राहिली. आत मी तिच्या भावाच्या वकिलाच्या डब्यातली मेथी खात होते, वर खिदळतही होते. मी हाक मारेपर्यंत ती मागं फिरली होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर आमचा पुकारा झाला. मी पुढं झाले, तर मागून तिचाच आवाज आला. "साहेब, मला ही वकीलबाई नको."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कारण विचारलं.

"ती त्यांना मिळाली, साहेब. भावाच्या वकिलाच्या डब्यात जेवती. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. आमच्यात ज्याच्यासंगं दावा, त्याच्या घरचं पानी बी पीत नाय."

कोर्टात खसखस पिकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या सातबाऱ्यासाठी मी तलाठ्याकडे चपला झिजवल्या, तिनं भर कोर्टात माझी ही शोभा करावी? माझा मित्र मान खाली घालून हसू दाबत होता, म्हणून त्याचाही राग आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात न्यायाधीशांनी मला हातानं थांबवलं.

"बाई, वकील बदलायचा तुम्हाला अधिकार आहे," ते तिला म्हणाले. "पण हे दोघं इथं किती भांडतात, ते मी रोज ऐकतो. दावा वेगळा, जेवण वेगळं. सोबत जेवल्यानं कुणाचा हिस्सा कमी होत नाही. विचार करून पुढच्या वेळी सांगा."

पलीकडं तिचा भाऊ टोपी हातात धरून उभा होता, तोही ऐकत होता. न्यायाधीशांनी पुढची तारीख सांगितली. ती ऐकून बाई दचकली, पण ती काही बोलायच्या आत भाऊच बोलला, तेही स्वतःच्या वकिलाला न विचारता.

"साहेब, त्या दिवशी जमायचं नाय. भाचीचं लगीन हाय."

"कोणाची मुलगी?"

"हिचीच की." बहिणीकडं न बघताच त्यानं हात केला.

"तुम्हाला बोलावणं आहे का?"

भाऊ हातातल्या टोपीकडं बघू लागला. न्यायाधीशांनी बाईकडं पाहिलं. आता ही सगळी जुनी उणीदुणी काढणार, अशी मला धास्ती वाटली.

"मामाला काय बोलवायचं, साहेब," ती म्हणाली. "नवरीच्या मागं दुसरं कोन हुबं राहनार?"

तारीख बदलायला आमची हरकत नाही, असं मी आणि माझा मित्र एकदमच बोललो. न्यायाधीशांनी लग्नानंतरची तारीख दिली. मला रडू येत होतं. काळा कोट घालून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी उगाच फाईल आवरत राहिले.

बाहेर व्हरांड्यात मी जरा घुश्शातच विचारलं, "मावशी, मला ठेवायचं की काढायचं?"

"ऱ्हावा," ती म्हणाली. मग मागून येणाऱ्या भावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "पन हिस्सा म्या सोडनार नाय. ध्यानात ठिवा."

मी भावाकडं पाहिलं. त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

"त्ये तारखेला बघू," तो बहिणीला म्हणाला. "हळद कवा हाय, त्ये सांग."