साडू आणि साचलेलं पाणी

आमच्या साडूंइतका पाण्याकडे संशयानं पाहणारा माणूस दौंड तालुक्यात दुसरा झाला नाही. जिथं नळाला पाणी आलं की घरातली पातेली, कळशा, बादल्या आणि वेळप्रसंगी डाळीचा कुकरसुद्धा भरून ठेवतात, त्या मुलखात हा माणूस दारात उभा राहून पहिला प्रश्न विचारतो, "हे कवा ओतलं व्हतं?" साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हुद्दा आरोग्यसेवक, मुक्काम वरवंड, आणि वैर डासांशी. तेही सगळ्या डासांशी नाही. गटारावर गुणगुणणारे डास त्यांच्या लेखी किरकोळ. त्यांचा खरा राग पायांवर पांढरे पट्टे असलेल्या, दिवसाढवळ्या चावणाऱ्या आणि स्वच्छ पाण्यातच अंडी घालणाऱ्या एका जातीवर. डेंगू आणि चिकुनगुन्या पसरतात ते हिच्यामुळे. हे आजार समुद्रकाठच्या दमट हवेतले, आपल्या कोरड्या भागात कुठून येणार, असं मी एकदा भूगोल शिकवणाऱ्या मास्तराच्या अधिकारानं म्हणालो. त्यावर ते म्हणाले, तिला समुद्र लागत नाही, फ्रिजमागचा ट्रे पुरतो.

या ट्रेनं त्यांच्या आयुष्यात फार मोठी जागा व्यापली आहे. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा दौंडला आमच्याकडे आले तेव्हा बायकोनं चहा पुढं केला, तर पाहुणे जागेवर नाहीत. स्वयंपाकघरात फ्रिज भिंतीपासून हातभर पुढं आलेला आणि त्याच्या मागून फक्त दोन पाय दिसत होते. थोड्या वेळानं ते हातात ट्रे घेऊन बाहेर आले आणि आतल्या वळवळणाऱ्या अळ्या त्यांनी माझ्या आईला असल्या कौतुकानं दाखवल्या की तिनं त्या दिवशी चहा घेतला नाही. पुतण्यासाठी मुलगी पाहायला भांडगावला गेलो तेव्हाही तेच. पोहे आले, मुलीकडचे आले, साडू मात्र गायब. शोधायला गेलो तर मागच्या अंगणात सिमेंटच्या टाकीवर ओणवे होऊन ते सकाळी अकरा वाजता बॅटरी मारत होते. शेजारी मुलगीच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मामा, टाकी शनिवारीच घासलीय. ट्रे बी रिकामा केलाय." साडू आत आले, पोह्यांची बशी उचलली आणि मुलगी पसंत असल्याचं जाहीर केलं. नवऱ्या मुलानं तोवर तिचा चेहराही पाहिला नव्हता. लग्न झालं. आहेरात पाच कुकर, दोन भिंतीवरची घड्याळं आणि साडूंकडून बरणीभर गप्पी मासे आले. हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून ते कुणालाही, कशाच्याही निमित्तानं देतात. त्या जोडप्याचा संसार छान चालू आहे आणि माशांचा त्याहून छान.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, घरातली भांडी राहतात. खुटबावच्या स्टँडवर कुणी लांबून 'जय भीम, साहेब' म्हणून हात केला की तेही हसून हात करतात आणि मला हळूच ओळख करून देतात: दोन बॅरल, एक रांजण, गच्चीवर टायर, मागच्या पावसाळ्यात डेंगू. कुणाच्या वाईट बातमीला गेले तरी नजर आधी कोपऱ्यातल्या बॅरलवर जाते, मग घरच्यांकडे. यात माया कमी आहे असं मात्र नाही. डेंगूनं आजारी पडलेल्या माणसाच्या घरी ते रोज जातात, आणि तो बरा होऊन शिव्या देऊ लागेपर्यंत जात राहतात.

पण त्यांची खरी दहशत खडूची. घर तपासून झालं की चौकटीशेजारी भिंतीवर तारीख, किती भांडी पाहिली आणि किती भांड्यांत अळ्या निघाल्या, हे ते लिहितात. लिहायचं सगळ्यांनाच असतं, पण इतर आरोग्यसेवक ते पेन्सिलीच्या टोकाएवढं लिहितात. साडूंचं अक्षर रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून वाचता येतं. खुटबावच्या एका प्रतिष्ठित बागायतदारांनी आपल्या बंगल्यावरचा 'अळ्या: तीन भांडी' हा मजकूर ओल्या फडक्यानं पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी साडूंनी तो पुन्हा लिहिला, आधीपेक्षा मोठा, आणि एवढंच म्हणाले, "पुसल्यानं अळ्या मरत न्हाईत, आप्पा." आप्पा पंधरा दिवस बोलले नाहीत, सोळाव्या दिवशी टाकी घासली. स्वतःच्या घरालाही सूट नव्हती. दर शनिवारी ते आपल्याच दारावर टकटक करत, स्वतःचं घर तपासत आणि भिंतीवर 'निरंक' लिहून खाली सही करत. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे ताई, हे सगळं चुलीपुढून न उठता पाहत. आठवड्यातून एकदा तरी नवरा आपल्या हातचं काम नीट बघतो, बाकीच्या बायकांना तेही नाही, असं त्या म्हणत.

त्यांची बॅटरी, खडू आणि पाण्यातल्या अळ्या काढून बघायची पांढरी पळी फक्त एकाच जागी पिशवीबाहेर निघत नसत. वस्तीतल्या बुद्धविहारात ते रोज संध्याकाळी जात. चपलांशेजारी पिशवी ठेवायची, आत जायचं, हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. मूर्तीपुढं त्यांच्या आईचं पितळी घंगाळ असायचं. आई गेल्यावर त्यांनीच ते विहाराला दिलं होतं. ताई ते रोज बाहेरून आरशासारखं घासत, आणि येणारा प्रत्येक जण त्यात एक फूल सोडून तांब्याभर पाणी घाली. घंगाळ कायम काठोकाठ भरलेलं असावं, अशी वस्तीची रीतच पडून गेली होती.

त्या पावसाळ्यात वस्तीत ताप आला. साधा नव्हता. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे असे धरायचे की धडधाकट बाई भिंतीला धरून उठायची. रक्ताचे नमुने गेले, चिकुनगुन्या आला. साडूंच्या स्वतःच्या वस्तीत. त्यांनी एकेक घर तीनदा पालथं घातलं. इतक्या वर्षांच्या धाकानं लोक एवढे तयार झाले होते की एका घरात एक अळी सापडेना. दारोदार निरंक, आणि दारामागं कण्हणाऱ्या बायका. साडूंची झोप उडाली. कुठं तरी पाणी आहे आणि ते आपल्याला दिसत नाही, एवढंच ते सगळ्यांना सांगत सुटले. मग एका शनिवारी सकाळी त्यांनी आपल्या दारावर निरंक लिहिलं आणि दुपारी ताईंना ताप भरला.

रविवारी ते माझ्याकडं आले. वस्तीचा नकाशा मीच त्यांना कधीतरी काढून दिला होता. त्यावर तापाच्या प्रत्येक घराला लाल ठिपका दिलेला. "पाव्हणं, तुम्ही भूगोलाचं मास्तर. ह्यात काय दिसतंय का बघा," म्हणाले. मी पुष्कळ पाहिलं. नाला, उतार, वाऱ्याची दिशा, सगळं बोललो. ठिपके कशालाच जुमानत नव्हते. एका घरात आहे, शेजारी नाही, चार घरं सोडून पुन्हा आहे. बायको लसूण सोलत बसली होती. तिनं मान वाकडी करून नकाशा वाचला, ठिपक्यांवर बोट ठेवत एकेका बाईचं नाव घेतलं आणि म्हणाली, "ह्या तर सगळ्या वर्षावासाच्या वाचनाला बसणाऱ्या बायका हायेत."

पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज दुपारी चार वाजता ग्रंथवाचन असतं. पुरुष कामावर, म्हणून बसतात त्या बायकाच, आणि वाचतात ताई. साडूंनी नकाशाची घडी घातली. चहा अर्धा टाकून उठले. मी त्यांच्या मागं मोटरसायकलवर बसून वरवंडला गेलो.

विहारात ते पिशवी घेऊनच आत शिरले. घंगाळावर झेंडू आणि शेवंतीचा जाड थर होता. त्यांनी तो तळहातानं बाजूला सारला आणि बॅटरी मारली. मला वाकून बघायची गरज पडली नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. फुलं रोज बदलली जात होती, पाण्यात रोज भर पडत होती, पण घंगाळ कुणी कधी उपडं केलंच नव्हतं. ते तिथंच फरशीवर बसले. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि अशा माणसाला दया दाखवायची कशी हे कळेना, म्हणून मी पायरीवर जाऊन उभा राहिलो.

चार वाजता ज्यांना चालता येत होतं त्या बायका आल्या. साडूंनी घंगाळ दोन्ही हातांनी उचलून अंगणात आणलं आणि सगळ्यांच्या देखत उन्हात ओतलं. पाणी जमिनीत मुरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "हे माझ्या आईचं हाय. इथं मीच ठिवलं. तुमची मडकी रोज बघत गेलो आन् हे बघितलं न्हाई. तुमचा ताप माझ्यामुळं हाय." खडू काढून त्यांनी विहाराच्या भिंतीवर तारीख घातली, भांडी एक, अळ्या एक, आणि मालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

चिंचेजवळच्या आक्का तापातून नुकत्याच उठल्या होत्या, काठी टेकत भिंतीपाशी गेल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या. "अक्षर बारीक काढलंस की रं," त्या म्हणाल्या. "आमच्या दारावर तर हातभर काढतुयास."

साडूंनी ते बाहीनं पुसलं आणि पुन्हा हातभर अक्षरात लिहिलं. आक्कांनी मान हलवली, आणि मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून वाचनाला आत गेल्या. त्या दिवशी ताईंच्या जागी साडूंनी वाचलं. वाचता येतं तेवढं ठीक, पण प्रत्येक वाक्य ते अहवालासारखं वाचतात, असं बायकांचं मत पडलं.

ताप महिन्याभरात ओसरला. वस्तीतल्या बहुतेक बायका सावरल्या, ताईंची बोटं मात्र धरून राहिली. आता त्यांची वेणी साडू घालतात. भांग दर वेळी कालव्यासारखा वळत जातो आणि ताई तो तसाच मिरवतात. दर शनिवारी घंगाळ अंगणात येतं, चिंचेनं आतून-बाहेरून घासलं जातं, उन्हात उपडं पडतं. मी एकदा सुचवलं की कोरडीच फुलं ठेवा, कटकट मिटेल. ते म्हणाले, आईला भरलेलंच आवडायचं.

मागच्या पौर्णिमेला आम्ही दोघं वरवंडला गेलो होतो. वंदना सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. साडू आता विहारात डोळे मिटत नाहीत, असं मी ऐकून होतो, म्हणून हळूच डोळे उघडून पाहिलं. खरंच उघडे होते. पण ते घंगाळाकडे पाहत नव्हते. शेजारी ताई हात जोडत होत्या, आणि बोटं पुरती जुळत नव्हती. साडू त्या बोटांकडे पाहत होते.