जिन्यातली नोटीस

नाशिकमध्ये कुणी जिना चढतंय आणि आमच्या नणंदबाईंचे, म्हणजे ताईंचे, कान तिकडे नाहीत, असं होणे नाही. माणूस दारात पोचायच्या आधीच त्याच्या छातीचा निकाल यांच्याकडे तयार! हृदयाचा स्नायू आणि फुप्फुसाचे आजार, या संशोधनात त्यांनी सगळं आयुष्य घातलं. लग्न करायचं राहूनच गेलं. "वहिनी, धाप लागली की लोक दमा समजून औषध घेत बसतात. फुप्फुस बिचारं बदनाम होतं आणि चोर असतो हृदयाचा स्नायू," असं त्या भर जेवणात सांगतात आणि समोरच्याचा घास हातातच राहतो. इगतपुरीला एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरीचे थोरले मामा खुर्चीत बसले होते. बाई तरातरा गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. मामांना वाटलं, पाया पडतेय. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अखंड सौभाग्यवती हो!" ताई मुळीच ओशाळल्या नाहीत. "सूज आहे मामा, खळगा पडतोय. सोमवारी तपासायला या," म्हणाल्या. मामा मुकाट्यानं गेले, औषधं लागू पडली, आणि अजून दर दिवाळीला त्यांचा फोन येतो.

संशोधनासाठी ताईंचा एक छापील तक्ता होता. त्यातला पहिलाच प्रश्न : धाप लागते का? भेटेल त्याच्याकडून त्या तो भरून घ्यायच्या. आमच्या नाशिक रोडच्या घरी आल्या तेव्हा सख्ख्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांनाही, सोडलं नाही.

"दादा, धाप लागते का तुला?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

ताईंनी स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं आणि चहाचा कप उचलला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोसायटीचा फळा आहे. भाजी घेऊन येताना हे तिथे थांबायचे आणि टाकी धुण्याची नोटीस वाचायचे. रोज! मला वाटायचं, रिटायर झालेला माणूस, वाचतोय तर वाचू दे. एक दिवस ताई त्यांच्या मागून जिना चढत होत्या. मला दारातून ऐकू आलं, "दादा, ही टाकी मागच्या वर्षीच धुऊन झाली रे." हे हसले. ताई हसल्या नाहीत.

तपासणीत ह्यांच्या हृदयाचा स्नायू पार सैल पडलेला निघाला. ताई माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडल्या. "जगाला विचारत फिरले वहिनी, आणि घरातच चुकीचा प्रश्न विचारला. धाप लागायच्या आधीच माणूस थांबत असेल, तर तो 'नाही'च म्हणणार ना!" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ती नोटीस वाचताना मीही त्यांना रोज बघत होतेच की.

ताईंनी तो तक्ता सरळ रद्द केला. नवा पहिला प्रश्न घातला : चढताना कुठे थांबता, आणि थांबून काय करता? मग लोक भरभरून बोलायला लागले. कुणी मोबाइल बघतं, कुणी निऱ्या सारख्या करतं. घाटाकडच्या एक आजी म्हणाल्या, "मी नाय थांबत बाई. म्हैस थांबती, म्हणून मी उभी ऱ्हाते." ताईंनी ते म्हशीसकट लिहून घेतलं आणि आजींना त्याच दिवशी तपासणीला नेलं.

ह्यांना औषधांनी चार वर्षं मिळाली, चांगली मिळाली. गेल्या पावसाळ्यात हे गेले.

परवा ताई आल्या. पावलं ओळखीची, म्हणून मी आधीच दार उघडून उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. बराच वेळ पुढे येईनात. आता ह्यांच्यानंतर हक्काचं माणूस म्हणजे त्याच. त्या वर आल्यावर मी पाणी दिलं, आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे घड्याळाकडे बघत गुपचूप त्यांचे श्वास मोजायला लागले.

"मोजू नका वहिनी. मला काही झालेलं नाही."

"मग चढताना कुठे थांबलात? आणि थांबून काय केलंत?"

त्यांनी पेला खाली ठेवला.

"दादापाशी," म्हणाल्या. "नोटीस वाचली."

फळा महिनाभर रिकामाच आहे, एकही नोटीस नाही.