दर्यावरून आलेले साडू

सासूबाईंना नावेत बसवून मी दोर सोडला आणि स्वतः काठावरच राहिलो. वल्हं माझ्या हातात होतं. सासूबाईंना जायचं होतं समोर सारंगखेड्याला. तापीने त्यांना सुरतेच्या दिशेला लावलं. हा पराक्रम मी निव्वळ जळफळाटापोटी केला. कारण त्यांना पलीकडे न्यायचं काम एरवी माझ्या थोरल्या साडूंचं, आणि त्या दिवशी ते मी हट्टाने मागून घेतलं होतं.

या साडूंइतका असह्य सज्जन माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही. जवानी त्यांनी सरकारी आरमारात घालवली, पहिल्या महायुद्धात बसऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि पेन्शन घेऊन सारंगखेड्याला परतल्यावर सगळी आरमारी शिस्त बायकापोरांवर खर्च करू लागले. चालायचे पाय फाकवून, जणू तापीकाठची काळी जमीन कधीही हेलकावा खाईल. जहाजावर दोर वळलेल्या हातांनी मुलींच्या वेण्या घालायचे. त्या वेण्या गावच्या घोड्यांच्या यात्रेतल्या रेटारेटीतही सुटत नसत. माझी मुलगी चार दिवस तिकडे राहून आली, तर आईपुढे डोकंच देईना. "मावसाच घालतीन मन्ही वेनी!" आणि कहर म्हणजे, बायकोचं लुगडं ते भरदिवसा घाटावर धुवायचे. आरमारात ज्याने त्याने आपले कपडे धुवायचे असतात म्हणे. असतील, पण लुगडं काय आरमाराचं होतं? माझी बायको नुसती उसासे टाकायची, "दाजीनी काल बी लुगडं धोयं." शेवटी ईर्ष्येने मीही तिचं एक धुतलं. पिळता पिळता त्याची दोन केली.

तर, नाव चालली होती. काठावर माझ्या शेजारीच उभ्या साडूंनी काचा मारला, पाण्यात उडी घेतली आणि दोर दातांत धरून सासूबाईंना काठाला आणलं. आता हा माणूस मला चार शब्द ऐकवील, म्हणजे निदान त्याच्यावर रागावता तरी येईल, अशी माझी आशा होती. ते उलट म्हणाले, "मामी, रागे भरू नका. पहिल्या खेपले मन्ही बी नाव आशीच सुटनी व्हती."

"तवय नावमा सासू नही व्हती!" सासूबाई कडाडल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत साडू खाटेला खिळले. डोळे गेले होते. मी भेटायला गेलो, तर चाचपडत माझा हात धरून म्हणाले, "साडू, मी तुन्हावर जलमभर जळनू."

"मन्हावर?"

"मन्ह्या पोरी चालाले शिकन्यात, बोलाले शिकन्यात, तवय मी दर्यावर व्हतू. सुटीवर उनू, त्ये थोरली माले दखीसन मायमांगे लपनी. तू रोज घर व्हता रे."

त्याच उन्हाळ्यात ते गेले. आता घाटावर जावं, तर कोणी पुरुष लुगडं धूत नाही, कोणाला पाहून पोटात दुखत नाही. इतकी वर्षं नेमाने जळलेल्या माणसाने पुढे करावं तरी काय?

दिवस-कार्य आटोपल्यावर मी बायकोला ते बोलणं सांगितलं. थोडं ऐटीतच सांगितलं. असा माणूस माझ्यावर जळत होता. का, तर मी रोज घरी होतो!

तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "घर त्ये जातं बी व्हतं. त्यानावर दळन तरी व्हये."